सातव्या महिन्यातला आराम

ताईचे सांधे सगळ्यात शांत राहिले ते तिच्या गरोदरपणात. आमवाताचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजाराचं, निदान होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. एरवी सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठ मिटायची नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा, कुकरचं झाकण लावायला शेजारच्या काकूंना हाक मारावी लागायची. आणि सातव्या महिन्यात तीच बाई ओट्याशी उभी राहून परातभर कणीक मळत होती. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी कासारीण घरी आली. आदल्या दिवाळीला ताईच्या हातात बांगडी चढलीच नव्हती, बोटांच्या मुळाशी सुजलेल्या सांध्यांवर अडकून बसायची. या वेळी हिरवा चुडा सरसर चढला. ताई हात पुढे-मागे फिरवून पाहत राहिली. आम्हाला वाटलं, बांगड्या पाहतेय. ती पेरांवरच्या सुरकुत्या पाहत होती. सूज उतरली होती म्हणून त्या परत दिसायला लागल्या होत्या.

त्यात तिची मुख्य गोळी, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, दिवस राहण्याच्या काही महिने आधीच बंद केलेली होती, कारण ती गर्भाला घातक असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दुसरी गोळी तेवढी चालू होती. औषध कमी आणि आराम जास्त, हे गणित घरात कुणालाच सुटेना. आईनं अंबाबाईची ओटी भरली. सासूबाई म्हणाल्या, बाळाचा पायगुण. ताई मात्र मला म्हणाली, "माझ्या अंगात आत्ता असं काहीतरी चाललंय जे एरवी चालत नाही. ते काय आहे ते शोधून काढ ना गं." मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, म्हणून हे काम माझ्या वाट्याला आलं, आणि इतकी वर्षं झाली तरी ते सुटलेलं नाही.

ताईच्या प्रश्नाला फार जुना पूर्वज आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मेयो क्लिनिक आहे. तिथं फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९ मध्ये त्यांच्या एका रुग्णानं, जो स्वतःही डॉक्टर होता, त्यांना सांगितलं की कावीळ झाली आणि माझे सांधे दुखायचे थांबले. हेंचनी ही गोष्ट कानाआड केली नाही. पुढं काही स्त्रियांकडूनही असंच कानावर आलं: दिवस गेले की सांधे मोकळे होतात, बाळंत झाल्यावर पुन्हा धरतात. १९३८ मध्ये त्यांनी गरोदरपणातल्या या आरामावर शोधनिबंध लिहिला. त्यांचा तर्क साधा आणि धाडसी होता. जो आजार असा उतरू शकतो तो कायमचा नाश करणारा नाही, शरीर स्वतःच कधीकधी त्याच्यावरचं औषध तयार करतं. त्या अज्ञात औषधाला त्यांनी 'एक्स पदार्थ' म्हटलं. कावीळ पुरुषालाही होते, तेव्हा हा पदार्थ केवळ बायकांचा असणार नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं.

त्याच संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल तेव्हा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, वेगळी काढत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये, आमवातानं जवळजवळ जखडून टाकलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला त्यांतल्या एकाचं इंजेक्शन दिलं गेलं. आठवड्याभरात ती बाई आपल्या पायांनी गावात खरेदीला गेली. ते कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं.

पाठ्यपुस्तकात ही गोष्ट स्टेरॉइडच्या शोधाची म्हणून येते. मला ती ऐकून घेण्याची गोष्ट वाटते. 'गरोदर असताना मला बरं होतं' हे वाक्य त्याआधीही कितीतरी बायकांनी कितीतरी डॉक्टरांना सांगितलं असेल. एका माणसानं ते केसपेपरवर उतरवून घेतलं, आणि तिथून आजवर कोट्यवधी लोकांनी घेतलेलं एक औषध निघालं.

कॉर्टिसोनसारखी संप्रेरकं गरोदरपणात वाढतात हे खरं, पण ताईच्या आरामाचं ते एकच कारण नव्हे. त्या महिन्यांत वार, म्हणजे प्लासेंटा, प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही स्त्री-संप्रेरकं भरभरून तयार करते. इस्ट्रोजेनचं कमी प्रमाण आणि फार जास्त प्रमाण यांचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम सारखा नसतो. पाळीच्या चक्रात असतं तेवढं इस्ट्रोजेन प्रतिकारशक्तीला चेतवू शकतं, तर गरोदरपणातल्या पातळीला सांध्यांत दाह माजवणाऱ्या टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, जोर ओसरतो. शरीराला तसं करणं भागच असतं, कारण बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनं परकं. ते नऊ महिने सांभाळायचं तर पहारा थोडा सैल करावा लागतो. १९९३ मध्ये ली नेल्सन यांच्या गटानं अमेरिकेत दाखवलं की बाळाच्या पेशींवरच्या ओळखखुणा आईपेक्षा जितक्या वेगळ्या, तितकी आईचा आमवात उतरण्याची शक्यता जास्त. हे मी ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती पोटावर हात ठेवून हसली. "म्हणजे हे अगदी त्यांच्यावर गेलंय तर!"

हा आराम सगळ्यांच्या नशिबी नसतो. जुने अभ्यास म्हणायचे, चारांतल्या तिघींना मिळतो. अलीकडं काटेकोर मोजमाप झालं तेव्हा हा आकडा निम्म्याच्या आसपास आला. ताई त्या निम्म्यांतली.

बाळंतपणानंतर सहा-सात आठवड्यांत जे झालं ते आठवलं की मला अजून राग येतो. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत खाली कोसळतात. दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर जातं, आणि ते प्रतिकारशक्तीला डिवचणारं संप्रेरक आहे. आमवात असलेल्या पुष्कळ बायकांचे सांधे याच काळात उसळतात. ताईचे असे उसळले की तिला बाळाच्या लंगोटाची गाठ सोडवता येईना. बोटांनी धरणं जमायचं नाही म्हणून ती बाळाला दोन्ही कोपरांच्या खोबणीत उचलून घ्यायची, आणि दूध पाजताना मान तोलून धरायला कुणीतरी शेजारी बसावं लागायचं. सगळे म्हणाले, वारं लागलं. कानाला रुमाल आला, कापूस आला, बाजेखाली शेगडी आली. या जुन्या बायकांना मी हसणार नाही. बाळंतिणीचे सांधे धरतात ही वेळ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अचूक हेरलेली आहे. कारण त्यांनी वाऱ्यात शोधलं एवढंच.

राग आला तो डॉक्टरांचा. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "बाळंतपणानंतर अंग दुखतंच. हार्मोन्सचं असतं हे, जाईल." हार्मोन्सचं होतं हे शंभर टक्के खरं होतं. पण 'हार्मोन्सचं' म्हणजे 'काही नाही' असा त्यांचा सूर होता. ज्या कारणामुळे तातडीनं औषध बदलायला हवं होतं, तेच कारण सांगून तिला घरी पाठवलं. अंगावर पाजताना मेथोट्रेक्सेट चालत नाही, पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालते, थोड्या प्रमाणात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालतं. हे पुण्यातल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. तोवर ताईच्या उजव्या मनगटाचा सांधा झिजला होता. तो आजही पूर्ण वळत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती मज्जासंस्थेवर उलटते त्या आजारातही हीच चढउतार दिसते, आणि तिथं ती चोख मोजली गेली आहे. युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ स्त्रियांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराचे झटके शेवटच्या तीन महिन्यांत एकदम कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत गरोदरपणाआधीपेक्षाही वाढले. म्हणजे ही उसळी कधी येऊ शकते ते आधीपासून ठाऊक असतं. असं असताना बाळंतिणीला तिच्या संधिवाताच्या डॉक्टरांची पुढची तारीख प्रसूतीआधीच का देत नाहीत? नवव्या महिन्यात हॉस्पिटलच्या बॅगेत काय भरायचं याची यादी सगळे देतात. त्या यादीत ही तारीख असायला हवी.

ल्युपसचं वागणं वेगळं, आणि हा सगळा विषय किती गुंत्याचा आहे ते तिथं कळतं. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा येतो, उन्हानं त्रास वाढतो, मूत्रपिंडं धोक्यात येतात. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या वर्षांत ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. लहान मुलामुलींत हा फरक बराच कमी असतो, आणि पाळी गेल्यावर पुन्हा कमी होतो. हा आलेख पाहून संप्रेरकांचा संशय कुणालाही येईल. पण गरोदरपणात आमवात शांत होतो तसा ल्युपस शांत होईलच असं नाही, उलट उसळूही शकतो. कारण तिथला मुख्य अपराधी प्रतिपिंडं, म्हणजे ती तयार करणाऱ्या बी पेशी. टी पेशींचा दाह ओसरला तरी इस्ट्रोजेन बी पेशींना बळ देतं. अस्थिमज्जेत घडताना ज्या बी पेशी स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या निघतात त्या एरवी तिथंच संपवल्या जातात. न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की इस्ट्रोजेन वाढलं की अशा काही पेशी त्या चाळणीतून निसटून जगतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक याच्या उलट, बी पेशींना आवरतं.

याचा सगळ्यात ठळक पुरावा न्यूझीलंडमध्ये पैदास केलेल्या उंदरांच्या दोन जातींच्या संकरातून आला. या संकरात ल्युपससारखा आजार आपोआप होतो, आणि माद्या नरांच्या बऱ्याच आधी मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. १९७८ मध्ये नॉर्मन टालाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नरांचे वृषण काढले, तर ते माद्यांइतक्याच लवकर मेले. माद्यांना पुरुष-संप्रेरक दिलं, तर त्या जास्त जगल्या. २०१३ मध्ये टोरंटोत जेन डान्स्का यांच्या गटानं प्रतिकारशक्ती उलटून मधुमेह होणाऱ्या उंदरांच्या जातीत आणखी एक धागा काढला. नरांच्या आतड्यातले जिवाणू लहान माद्यांच्या पोटात सोडले, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि मधुमेह टळू लागला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूनं या विषयात शिरलेल्या मला हा प्रयोग फार आवडतो. संप्रेरकांची गोष्ट फक्त अंडाशय आणि वृषणापुरती राहत नाही, पार आतड्यापर्यंत जाते.

तरीही सगळं संप्रेरकांवर ढकललं तर ते चूक होईल. काही पुरुष एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतात, त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात. त्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं, पण इस्ट्रोजेन स्त्रियांइतकं नसतं. तरीही त्यांना ल्युपस होण्याची शक्यता इतर पुरुषांपेक्षा सुमारे १४ पट, म्हणजे जवळपास स्त्रियांइतकी. दुसऱ्या एक्सवरच इथं बोट ठेवावं लागतं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गप्प केलेलं असतं, पण त्यावरची टीएलआर-७ सारखी प्रतिकारशक्तीची काही जनुकं पुरती गप्प बसत नाहीत. शिवाय एक्सला गप्प करणारा झिस्ट नावाचा रेणू प्रथिनांचं मोठं लेंढार घेऊन फिरतो, आणि प्रतिपिंडं त्या लेंढारावरही उठतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटानं नर उंदरांत झिस्ट तयार होईल अशी व्यवस्था केली आणि त्यांना आजाराचं निमित्त दिलं, तर नरांतही माद्यांसारखा ल्युपस दिसू लागला. आणि हेही ध्यानात ठेवायला हवं की मणक्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस पुरुषांतच जास्त सापडतो.

ताईनं या सगळ्यातलं तिच्या कामाचं तेवढं उचललं. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं. दुधाचे रतीब, गॅस लावल्याची तारीख, आणि एका कोपऱ्यात बारीक टिंब म्हणजे पाळी. बाळंतपणानंतर तिनं आणखी एक खूण सुरू केली: मूठ मिटत नसेल त्या दिवशी तारखेभोवती गोल. वर्षअखेरीला पाहिलं तर गोल बहुतेक टिंबांच्या अलीकडे दाटलेले. हे कॅलेंडर घेऊन ती एका मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, तुम्ही फार विचार करता. पुढच्या डॉक्टरांनी मात्र ते टेबलावर पसरलं, मोबाइलनं पानांचे फोटो काढले आणि तिच्या गोळ्यांच्या वेळा त्यानुसार बसवून दिल्या. दोघांच्या पदव्या सारख्याच होत्या.

आता ती पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर आहे. नव्यानं आमवात सुरू होण्याचं प्रमाण स्त्रियांत या वयाच्या सुमारास वाढतं. इस्ट्रोजेनची ओहोटी हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून इस्ट्रोजेन दिलं की आजार जाईल, असं सरळ गणित नाही. गरोदरपणात वाढणारं इस्ट्रिऑल, इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, औषध म्हणून देऊन पाहण्याचा प्रयत्न लॉस एंजलिसच्या रॉन्डा व्होस्कुल यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये केला. १६४ स्त्रियांच्या त्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. झटके काहीसे कमी दिसले, पण त्यावर उपचार ठरवावा इतका भक्कम निकाल हाती लागला नाही.

या विषयावर बोलताना मला सगळ्यात भीती वाटते ती आपल्या घरांची. गरोदरपणात आराम पडतो हे अर्धं वाक्य फार लवकर पसरतं. मग विशी-बाविशीतल्या मुलीला आमवात निघाला की आत्याबाई म्हणतात, "उरकून टाका लग्न, एक मूल झालं की आपोआप बरं होईल." आराम नऊ महिन्यांचा, तोही निम्म्यांनाच, आणि त्यानंतर येणारी उसळी हे उरलेलं अर्धं वाक्य कुणी सांगत नाही. २०१९ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मेलिसा विल्सन आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. स्त्रीची प्रतिकारशक्ती वारंवार गरोदर राहणाऱ्या शरीरासाठी घडली, आणि आता बाळंतपणं कमी झाल्यामुळे ती मोकळी सुटून स्वतःवर उलटत असावी. विचार म्हणून मला ती मोलाची वाटते. पण माझ्या आजीची अकरा बाळंतपणं मला ठाऊक आहेत. त्यांतली किती मुलं जगली आणि पन्नाशीत तिचं शरीर कशाला आलं होतं, हेही ठाऊक आहे. कुणी ही कल्पना सल्ला म्हणून वापरली तर मी भांडेन.

दुसरी भीती उलट टोकाची. इस्ट्रोजेन म्हणजे ल्युपसला खतपाणी, या धास्तीनं ल्युपस असलेल्या बायकांना वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळी नाकारली गेली. ऐकायला हे सावधपणाचं वाटतं. पण ल्युपसच्या मूत्रपिंडाच्या आजारावर देतात ती मायकोफेनोलेट गर्भात व्यंग आणते, मेथोट्रेक्सेटही तशीच. अशी औषधं चालू असताना नको असलेली गर्भधारणा हा गोळीपेक्षा कितीतरी मोठा धोका. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सेलेना चाचणीचे निकाल आले. आजार आटोक्यात असलेल्या १८३ स्त्रियांपैकी ज्यांनी गोळी घेतली त्यांच्यात उसळी इतरांपेक्षा जास्त नव्हती. पाळी गेल्यानंतर संप्रेरकं घेणाऱ्यांत मात्र सौम्य ते मध्यम उसळी थोडी वाढलेली दिसली. ज्यांच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आहेत त्यांना इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी तांबी आहे, इस्ट्रोजेन नसलेले उपाय आहेत. म्हणजे धास्तीच्या जागी एक रक्ततपासणी आणि दहा मिनिटांचं बोलणं पुरलं असतं. आपल्याकडे ती दहा मिनिटं मिळत नाहीत, कारण मुलगी अविवाहित असेल तर डॉक्टर संकोचतात आणि विवाहित असेल तर उत्तरं सासू देते.

अलीकडे ताईला तपासणीला घेऊन गेले होते. वेटिंगमध्ये नेहमीप्रमाणे बायकाच जास्त. शेजारी एक मुलगी आईबरोबर बसली होती. ल्युपस, साखरपुडा झालेला, मांडीवर फाईल. तिची आई ताईला हळूच म्हणाली, "तिकडं सांगितलंय आम्ही, लपवलं नाही. पण मूलबाळ होईल ना हो?" ताई मुलीकडेच वळली. म्हणाली, "बाई गं, वही आहे का? लिहून घे, आत गेल्यावर घाबरून विसरायला होतं. आजार किती महिने शांत असला म्हणजे मूल होऊ द्यायचं? साधारण सहा महिने तरी म्हणतात, तुझ्याबाबतीत त्यांना विचार. तोवर काय वापरायचं, तेही सरळ विचार, आईसमोर विचार. अँटीफॉस्फोलिपिड तपासलंय का? अँटी-रो तपासलंय का? ते असलं तर बाळाच्या हृदयाचे ठोके फार मंद होऊ शकतात, आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिवस राहिले म्हणून कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. आणि बाळंतपणानंतरची इथली तारीख आधीच घेऊन ठेव."

मुलीनं वहीत नाही, मोबाइलमध्ये लिहिलं. मग थोडं थांबून विचारलं, "पाळीच्या आधी आठवडाभर मला फार थकायला होतं, गालांवरचा चट्टाही वाढतो. हे सांगायचं असतं का डॉक्टरांना?"

"हे पहिलं सांग," ताई म्हणाली.